निजलेला थर

चहाच्या खोलीतल्या टेबलावर भरलेली किटली ठेवली की टेबल टक् करतं. किटली उचलली की पुन्हा टक्.

*

आई म्हणते, या मुलीच्या हातात काही टिकत नाही. कप टिकत नाही, छत्री टिकत नाही, ठरलेलं लग्नसुद्धा टिकलं नाही.

*

सर दरवर्षी पहिल्या तासाला कागदाची पट्टी खालच्या ओठाशी धरतात आणि तिच्यावरून फुंकर मारतात. लोंबणारी पट्टी वर उचलली जाते. मुलं हसतात. "हसा," सर म्हणतात, "पण लक्षात ठेवा. वारा नुसता ढकलत नाही, ओढतोही."

*

एक गंजलेली झडप भंगारात गेली. कुणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं नाही.

*

केसाचे उभे दहा भाग केले तर त्यातल्या एकाएवढी ती तार असते. तुटताना आवाज होत नाही. पडद्यावरची नाचणारी रेघ एकदम आडवी पडते, एवढंच.

*

सगळं सुटं सुटं दिसतंय खरं. ओळीने सांगायचं तर ते असं.

तिला प्रयोगशाळेत तारतोडी म्हणायचे. नाव तिथल्या मिस्त्रींनी ठेवलं, सरांनी हसून मंजूर केलं, आणि पुढे ते तिला इतकं चिकटलं की फोन उचलून तीच "तारतोडी बोलतेय" म्हणायची. काम वारा मोजण्याचं. ब्लोअरचा वारा एका मोठ्या पेटीत शिरून जरा शांत व्हायचा, मग लांबट अरुंद फटीतून बाहेर पडून गुळगुळीत पत्र्यावर पसरायचा, चादर झटकून अंथरावी तसा. पत्रा चौकटीवर मेजासारखा आडवा बसवला होता, तरी सगळे त्याला भिंतच म्हणत, कारण वाऱ्याच्या लेखी ती भिंत. वारा तिला धरून सरपटत जातो, वरची स्वस्थ बसलेली हवा आपल्यात ओढतो, जाड होतो, मंदावतो. आणि आत नुसता गोंधळ. भोवऱ्यात भोवरे, त्यांच्या पोटात त्यांची पिल्लं. हा गोंधळ भिंतीच्या किती जवळ किती जोरात चालतो, हे तिला शोधायचं होतं. कुणाला इंजिनातली तापलेली पाती गार ठेवायची असतात, कुणाला गाडीच्या काचेवरचं धुकं पुसायचं असतं. असे आकडे कुणाला ना कुणाला लागतातच.

मोजायचं ते तारेने. तारेत वीज सोडून तिला गरम ठेवायचं. वारा तिला गार करू बघतो. तो जितका जोरात, तितकी वीज जास्त द्यावी लागते, त्यावरून वेग. सळईच्या टोकावर तार बसवायची आणि वरून हळूहळू भिंतीकडे उतरवत न्यायची. खरी मेख इथे होती. भिंत नेमकी कुठे आहे हे आधी ठरवावं लागतं, आणि तार टेकवून बघता येत नाही. टेकली की तुटली. म्हणून तिरपा दिवा लावायचा, सूक्ष्मदर्शक पुढे आणायचा आणि चकचकीत पत्र्यात तारेचं प्रतिबिंब शोधायचं. तार आणि तिचं प्रतिबिंब यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या निम्म्याने तार भिंतीच्या वर. याला झिरो घेणं म्हणायचे. झिरो घेतला की दिवा आणि सूक्ष्मदर्शक बाजूला काढून ठेवायचे, नाहीतर ते वाऱ्याच्या वाटेत येतात. मग ब्लोअर.

ब्लोअर सुरू व्हायचा, घरघर चढत जायची, आणि थोड्या वेळाने कुठूनतरी एक आवाज यायचा. टक्.

"टक्," सर म्हणायचे.

"टक्," मिस्त्री म्हणायचे.

"वारा लागला," तारतोडी म्हणायची, आणि मोजणी सुरू व्हायची.

हा त्यांचा शिरस्ता होता. टक् झाल्याशिवाय कुणी एक आकडा घ्यायचा नाही. पाहुणे आले तरी त्यांना थांबवून ठेवत, जरा दम धरा, टक् होऊ दे. आवाज कशाचा, हे सरांनी अगदी सुरुवातीला मिस्त्रींना विचारलं होतं. नळीतली झडप उघडते, मिस्त्री म्हणाले. झडप पुरी उघडली म्हणजे वारा पुरा आला, म्हणजे तिची वाट बघणं शहाणपणाचंच. ब्लोअर बंद केला की पुन्हा टक्, झडप मिटली. मग सर झिरो परत तपासायला लावत. मोजणीआधीचा झिरो आणि मोजणीनंतरचा झिरो, दोन्ही तंतोतंत एक. सरांना याचा फार अभिमान. "जगात कुठे जा," ते म्हणत, "झिरो दोनदा घेणारी माणसं मिळणार नाहीत. एकदा घेतात आणि झोपतात."

तारा मात्र तुटत राहिल्या. तिला भिंतीच्या अगदी अंगाशी जायचं असे, आणि तिथे पोचायच्या आतच रेघ आडवी पडे.

"ताई, तुम्ही भिंतीलाच तुंबड्या लावायला निघालात," नवी तार जोडताना मिस्त्री म्हणायचे. "त्यात हिचा जीव जातो."

"माझा हात थरथरतो बहुतेक."

"लग्न करा, थांबेल. नाहीतर वाढेल. पण कळेल तरी."

तिने सकाळचा चहा सोडला. सळई फिरवायचं चाक दोन बोटांऐवजी तीन बोटांनी धरून बघितलं. श्वास रोखून बघितला. तार तुटायची ती तुटलीच. शेवटी तिने भिंतीच्या अंगाशी जाणं सोडून दिलं. मोजणी थोड्या वरच थांबवायची आणि तिथून खाली ठिपक्यांची रेघ ओढायची, वेग असा कमी कमी होत भिंतीशी शून्य होईल म्हणून. आणि ती ठिपक्यांची रेघ भिंतीपर्यंत पोचेना. वेग भिंतीच्या जरा वरच संपत होता. मधे केसाच्या दोनचार पट जाडीचा एक थर उरायचा, ज्यात वाराच नव्हता.

पुस्तकात असं कुठेच नाही. वारा फक्त भिंतीवर शून्य असतो, भिंतीच्या वर नाही. सर आधी म्हणाले, झिरो चुकला. झिरो तपासला, बरोबर. पुन्हा तपासला, सरांनी स्वतः डोळा लावला, बरोबर. असे कित्येक महिने गेले. एक दिवस सर खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "मग तिथे काहीतरी आहे."

नाव आईने दिलं, नकळत. वारा मोजणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं, हे आईचं ठाम मत. तरी जेवताना ती ऐकून घ्यायची. त्या दिवशी म्हणाली, "त्यात नवल काय? कितीही गोंधळाचं घर असो, कोपऱ्यात कुणीतरी निजलेलं असतंच."

निजलेला थर. सरांना नाव आवडलं. लेख छापून आला, त्यावर सरांचं नाव आणि तिचं. लांबलांबून विचारणा आली. तिच्या प्रबंधाची सगळी पानं त्या थराकडेच चालत जात होती. प्रबंध दिला, डॉक्टरेटची तोंडी परीक्षा ठरली. दरम्यान ती खोली दुसऱ्या विभागाला हवी होती म्हणून सगळी मांडणी सोडवण्यात आली. तिला जरा वाईट वाटलं, पण काम तर झालं होतं.

परीक्षा आठवड्यावर आली असताना ती चहाच्या खोलीत गेली आणि तिने किटली टेबलावर ठेवली.

टक्.

तिच्या तोंडून निघालंच, "वारा लागला." मग तिचा हात किटलीवरच थांबला.

तिने किटली उचलली. टक्. ठेवली. टक्.

मिस्त्री कोपऱ्यात कप विसळत होते.

"मिस्त्री, हे टेबल कधी आलं?"

"आलं कुठलं, केलं. जुन्याचा पाय मोडला होता. वरचा पत्रा ओळखला नाहीत? तुमचीच भिंत आहे ताई. म्हटलं एवढा चांगला पत्रा, भंगारात कशाला."

"सगळा?"

"छे, अर्धा. मधून कापला. दुसरा तुकडा मागच्या गटारावर झाकण म्हणून टाकलाय. चौकट मात्र गेली. ब्लोअर खालच्या सुतारांनी नेला भुसा उडवायला."

"आणि झडप?"

"कसली झडप?"

"नळीतली. टक् करायची ती."

"ती होय. ती तर पहिल्याच वर्षी काढली. गंजून खपल्या पडायला लागल्या होत्या, तुमच्या तारेत अडकल्या असत्या. तुम्ही सुट्टीवर होतात बहुतेक."

"पण टक् तर शेवटपर्यंत व्हायचं, मिस्त्री."

मिस्त्रींच्या हातातला कप तसाच निथळत राहिला. "हो की," ते म्हणाले. मग कप पालथा घालून पुन्हा म्हणाले, "हो की."

तिने टेबलावर तळहात दाबला. पत्रा टक् करून खाली गेला, हात काढल्यावर टक् करून वर आला. पातळ पत्रा कडेने आवळून बसवला की असंच करतो. डब्याचं झाकण दाबल्यासारखं. त्या खोलीत त्याला दाबायला कुणी नव्हतं. पण वरून वारा जात होता. वारा नुसता ढकलत नाही.

झिरो घेताना पत्रा खाली निजलेला असायचा. ब्लोअर सुरू झाला की तो उचलला जायचा, टक् व्हायचं, आणि ती तिघं आनंदाने म्हणायची की झालं, आता मोजा. ब्लोअर बंद केला की पत्रा मुकाट जागेवर. मग झिरो तपासा, नाहीतर कुलदैवताची शपथ घाला, तो बरोबरच येणार. जेवढा वेळ कुणी भिंतीकडे बघत नव्हतं, तेवढाच वेळ ती हलत होती.

तार भिंतीवर जाऊन आदळत नव्हती. भिंत तारेला येऊन भेटत होती.

पहिल्यांदा तिला हसू आलं. म्हणजे माझा हात थरथरत नव्हता. किती वर्षं तिने तीन बोटांनी चाक धरलं. मग हसू हळूहळू ओसरलं आणि उरलेलं तिच्या ध्यानात आलं. ठिपक्यांची रेघ भिंतीच्या वर थांबत नव्हती, भिंतीवरच थांबत होती. निजलेला थर हवेचा नव्हता. तो पत्रा होता.

किंवा असावा. कारण पत्रा किती उचलला जायचा? हे कळलं तर सगळं सोपं होतं; प्रत्येक आकड्यातून तेवढं वजा करायचं. कदाचित थर नाहीसा होईल, कदाचित थोडा उरेलही. तिने कार्यशाळेतून केसाएवढी हालचाल दाखवणारं काट्याचं मापक मागून आणलं, टेबलाखाली लावलं, किटली ठेवली. एक आकडा आला. किटली जरा सरकवली, दुसरा आकडा आला. स्क्रू ढिला केला, तिसरा आला. चौथ्या वेळी पत्र्याने टक् केलंच नाही.

मिस्त्री शेजारी उकिडवे बसून बघत होते. "ताई, माणूस गेल्यावर त्याच्या सदऱ्याचं वजन करून काय कळणार?"

"मग काय करू?"

"मला काय विचारता. मी तर कापून बसलो."

ते असे बसले होते की त्यांना रागावणंही जमेना.

*

सरांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांनी सवयीने कागदाची एक पट्टी फाडली होती. ती ओठापर्यंत गेली, तिथे थांबली आणि परत खाली आली.

"भिंत चालवणारे होऊन गेले म्हणतात," ते म्हणाले. "पण ते निदान भिंतीवर बसलेले होते. त्यांना कळलं तरी असेल की चाललीय."

"सर, दुरुस्ती छापायला हवी."

"किती उचलली गेली सांग, उद्या पाठवतो."

"ते आता सांगता येत नाही."

"बरं, उचलली गेली हे?"

"टेबल टक् करतं."

"परीक्षकांना टेबल दाखवणार आहेस?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. "अगं, मला पटतंय. मला आत्ता बसल्या जागी पटलं. पण मला पटलं म्हणून छापता येतं का? थर आहे याला आपल्याकडे पुरावा होता, तो गेला. थर नाही याला पुरावा पाहिजे, त्याचं मिस्त्रींनी टेबल केलं."

"पुन्हा सगळं उभारलं तर?"

"खोली कुठे आहे? आणि दुसरा पत्रा दुसऱ्यासारखा वागेल. याने काय केलं ते हाच सांगणार." त्यांनी पट्टीची घडी घातली, घडीची आणखी घडी. "तुला परीक्षेत बोलायचं असेल तर बोल, मी अडवणार नाही. मी काय बोलू, ते मात्र मला सुचत नाही."

*

परीक्षा, घरी झाली तशी.

आई चष्मा नाकावर ओढून खुर्चीत बसली. "उमेदवार, पुढे या. तुमचा वारा कुठे आहे?"

"आई, नीट."

"नीटच विचारतेय. इतकी वर्षं मोजलात, आम्हाला दाखवा जरा."

तिने सांगितलं. टेबलासकट सगळं सांगितलं. आईने चष्मा काढला.

"म्हणजे तो निजलेला थर नव्हताच?"

"माहीत नाही."

"असेलही?"

"असेलही."

"मग तू खोटं कुठे बोललीस?"

"खरं तरी कुठे बोलले, आई?"

आई बराच वेळ चष्म्याची काच पदराने पुसत राहिली. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. "जन्मभर तुझ्या हाताला नावं ठेवली," ती म्हणाली. "हाताचा दोष नव्हता हे एकदाचं कळलं, तर तेही तुझ्या कामाचं नाही."

*

परीक्षा, खरी झाली तशी.

बाहेरून आलेले परीक्षक हसतमुख गृहस्थ होते. प्रबंधात त्यांनी जागोजागी रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. तिने मांडणी समजावली, झिरो समजावला, आलेख दाखवले. निजलेल्या थराच्या चित्रावर आली आणि म्हणाली, "हा थर खरा नसावा असं मला वाटतं."

खोलीत खुर्च्या करकरल्या.

तिने पत्र्याबद्दल सांगितलं, झडपेबद्दल सांगितलं, तुटलेल्या तारांबद्दल सांगितलं. परीक्षकांनी लक्ष देऊन ऐकलं.

"किती उचलला जात असेल?"

"मोजता येत नाही. पत्रा कापला गेलाय."

"अंदाजे?"

"अंदाजाने थर संपूर्ण जाऊ शकतो. किंवा अर्धा राहू शकतो."

"किंवा पत्रा हललाच नसेल."

"हलला होता, सर. आवाज यायचा."

"आवाज मी अहवालात कसा लिहू?" ते हसले, मनापासून हसले. "हे बघा, आपल्या कामाबद्दल इतकी शंका घेणारा उमेदवार मला बऱ्याच दिवसांनी भेटला. चांगली गोष्ट आहे. पण तुम्ही उगाच घाबरताय. तुमचा थर आमच्याकडेही सापडलाय."

ती चित्राकडून त्यांच्याकडे वळली.

"तुमचा लेख वाचूनच शोधला. माझा एक विद्यार्थी दोन वर्षं त्याच्यामागे होता. आधी दिसेना. मग भिंतीलगतचे आकडे तुमच्या पद्धतीने घेतले, तर दिसला. थोडा पातळ आहे, पण आहे."

"तुमच्याकडचा पत्रा किती जाड आहे?"

"ते त्याला विचारावं लागेल."

"ब्लोअर सुरू केल्यावर काही आवाज येतो का?"

"ब्लोअर म्हटल्यावर आवाज येणारच की हो," परीक्षक म्हणाले, आणि सगळे हसले. खुर्च्यांवर मागे बसलेले हसले, दारातले हसले. सर खिडकीबाहेर बघत होते. परीक्षक त्यांच्याकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

सरांनी घसा खाकरला. तारतोडी त्यांच्याकडे बघत होती.

"झिरो आम्ही मोजणीआधी घ्यायचो आणि नंतरही घ्यायचो," सर म्हणाले. "दोन्ही वेळा बरोबर यायचा."

हे खरंच होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

तिला बाहेर थांबायला सांगितलं. परत आत बोलावलं तेव्हा सगळे उभे होते, आणि परीक्षकांनी तिला पहिल्यांदा डॉक्टर म्हणून हाक मारली. अहवालात एक ओळ होती: निजलेल्या थराबाबत उमेदवाराने दाखवलेली सावधगिरी स्तुत्य आहे.

मग सगळे चहाला गेले. मिस्त्रींनी भरलेली किटली आणली आणि ती ठेवायला जागा शोधू लागले. खिडकीच्या कठड्यावर फायली होत्या, खुर्चीवर कुणाचा कोट होता. शेवटी त्यांनी किटली टेबलावर ठेवली, अगदी हळू, मूल निजवावं तशी.

टक्.

सरांचे ओठ उघडले आणि मिटले. मिस्त्री खाली बघत राहिले. तिच्याकडे कुणीच बघितलं नाही.

"टेबल जरा हलतंय वाटतं," परीक्षक कप उचलत म्हणाले.

"नवीन आहे साहेब," मिस्त्री म्हणाले. "बसेल हळूहळू."

पत्रा चौकटीवर बसवला त्या दिवशी ब्लोअर पहिल्यांदा सुरू झाला, तेव्हा ती पत्र्यावर तळहात टेकून उभी होती; टक् झालं, हाताला खालून काहीतरी लागलं, आणि ती म्हणाली होती, "वारा लागला."